चौथा उद्गार आणि तुमची दहा मिनिटं

वाचकाचं पत्र:

सप्रेम जय ख्रिस्त. आमचं कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदूरला छावणी भागात राहतं. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी. यंदा रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेसाठी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची वाटणी केली, एकेकावर एकेकाने बोलायचं, आणि चौथा उद्गार माझ्याकडे आला: ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ मी शाळेत गणित शिकवते, पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या जागी, कधी उभी राहिलेली नाही. दीर म्हणतात, “येशूने पाप अंगावर घेतलं म्हणून पित्याने तोंड फिरवलं, एवढंच सांग.” मोठ्या जाऊबाई म्हणतात, “अगं, तो स्तोत्र म्हणत होता, खरंच सोडलं असं थोडंच आहे!” मला दोन्ही पुरेसं वाटत नाही. शिवाय समोरच्या बाकावर आमच्या शेजारच्या काकू असतील. त्यांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. त्यांच्यासमोर ‘तू मला का सोडलंस’ हे शब्द मी कसे उच्चारू? आणि दहा मिनिटांसाठी लिहायचं तरी किती? हिंदीत बोलताना मी अडखळते, तेही आहेच.
एक भगिनी, इंदूर

उत्तर:

ताई, जय ख्रिस्त.

सात उद्गारांपैकी सहा असे आहेत की त्यांच्याबद्दल काही समजावून सांगता येतं. क्षमा, सुखलोकाचं वचन, आईची सोय, तहान, पूर्ण झालेलं काम, पित्याच्या हाती सोपवलेला आत्मा. चौथा तेवढा प्रश्न आहे, आणि शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, त्या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर येत नाही. आकाशवाणी होत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी झाली होती, रूपांतराच्या डोंगरावर झाली होती, इथे नाही. तेव्हा तुम्हाला दिलेलं काम उत्तर देण्याचं नाही, हे आधी मनात पक्कं करा. लोकांना तो प्रश्न नीट ऐकू यावा एवढंच तुमच्याकडे मागितलं आहे. दीर आणि जाऊबाई दोघांनाही घाई झाली आहे ती प्रश्न मिटवण्याची. तुमचं मन त्याला तयार होत नाही, हे या उद्गारासाठी चांगलं लक्षण आहे.

आता मजकुराकडे या. पहिले तीन-चार दिवस काही लिहू नका. रोज मार्क १५:३३ ते ३९ आणि मत्तय २७:४५ ते ५० मोठ्याने वाचा, आधी घरातल्या मराठी बायबलमधून आणि मग चर्चच्या हिंदी बायबलमधून. दोन्ही मिळून पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वाचताना काही गोष्टी आपोआप दिसू लागतात.

मत्तय आणि मार्क यांनी वधस्तंभावरचा येशूचा हा एकच उद्गार लिहून ठेवला आहे. उरलेल्या सहांपैकी तीन लूकमध्ये आहेत, तीन योहानात. आपण उत्तम शुक्रवारी चारही शुभवर्तमानांतले उद्गार एका माळेत ओवतो. ही पद्धत १७व्या शतकाच्या अखेरीस पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली आणि पुढे जगभर गेली. माळ सुंदर आहे, पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. चौथ्या उद्गाराच्या आधी क्षमा येते आणि शेवटी ‘हे बापा’ येतं, त्यामुळे चौथा मधल्या एखाद्या ढगासारखा वाटतो आणि पटकन विरतो. मार्क वाचणाऱ्याला असा आधार नव्हता. त्याच्या हाती येशूचं शेवटचं वाक्य म्हणून हाच प्रश्न राहिला. त्यानंतर फक्त एक मोठी आरोळी, शब्दांशिवाय. तुमच्या मननात मार्क धरा, म्हणजे तो भार हलका होणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी बारा ते तीन, देशभर अंधार पडला, आणि ही हाक नवव्या तासाला आली. म्हणजे अंधाराच्या सुरुवातीला नाही, तीन तास तो सोसून झाल्यावर. मार्क त्या तीन तासांबद्दल एक शब्दही लिहीत नाही, येशू काय बोलला, लोक काय म्हणाले, काहीच नाही. मंडळी नेमके हेच तीन तास बाकांवर बसून काढणार आहे, हे त्यांना एका वाक्यात आठवून द्या. अंधाराचं कारण शोधत बसू नका. सूर्यग्रहण होतं असं कोणीतरी हमखास सांगतं, ते खरं असू शकत नाही. हे झालं यहूदी लोकांच्या वल्हांडण सणात, तो पौर्णिमेला येतो, आणि सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं. (म्हणूनच उत्तम शुक्रवार आपल्याकडे बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेच्या आसपास पडतो.) हे तुमच्या माहितीसाठी, पुलपिटवरून सांगायला नको, त्यात एक मिनिट जातं आणि लोक हाकेऐवजी चंद्राचा विचार करू लागतात.

तिसरी गोष्ट तुमच्या फार जवळची आहे. मार्कने हे वाक्य ग्रीक ग्रंथात लिहिताना मूळ आवाज तसाच ठेवला: ‘एलोई, एलोई, लमा सबखथनी?’ ही अरामी भाषा, येशूच्या घरातली, गालीलातल्या गल्लीतली. सभास्थानात शास्त्र वाचलं जायचं ते इब्री (हिब्रू) भाषेत, आणि हे वाक्य ज्या २२व्या स्तोत्रातलं आहे ते मुळात इब्री आहे. तिथे क्रियापद ‘अजबतनी’ असं आहे. वधस्तंभावर ते ‘सबखथनी’ होऊन बाहेर पडलं. पाठ केलेलं शास्त्र शेवटच्या दमात आईच्या भाषेत आलं. मार्कला अशा शब्दांची ओढ आहे. याईराच्या मुलीला उठवताना ‘तलीथा कूम’, गेथशेमाने बागेत ‘अब्बा’, आणि इथे ‘एलोई’. मराठीत प्रार्थना करून हिंदीत बोलणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चर्चमध्ये बसलेल्यांतही कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी मलयाळम किंवा तमिळ, कोणाकडे भिली असेल. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम १८७७मध्ये सुरू झालं आणि उपासना हिंदीत रुजली, पण वेदनेत माणूस घरच्याच भाषेत हाक मारतो. ही ओळ तुमच्या मननात जरूर असू द्या, कारण ती तुमच्याइतकी खरेपणाने दुसरं कोणी म्हणू शकणार नाही.

आणखी एक बारकावा. पहिला उद्गार ‘हे बापा’ असा सुरू होतो, सातवाही. गेथशेमानेत ‘अब्बा, बापा’ आहे. शुभवर्तमानांत येशूच्या जेवढ्या प्रार्थना लिहिल्या आहेत त्यांत ही एकच अशी की तो ‘बापा’ म्हणत नाही, ‘देवा’ म्हणतो. अंतर पडलं आहे ते त्या एका शब्दात ऐकू येतं. पण त्याच्या आधीचा शब्द सुटलेला नाही: ‘माझ्या’. दोनदा. ज्याने सोडलं असं वाटतं त्यालाच ‘माझ्या’ म्हणून हाक मारणं, यात जे आहे ते तुमच्या दहा मिनिटांचं काळीज आहे. इथे घाई करू नका. वाक्य म्हणा, थांबा, पुन्हा फक्त ‘माझ्या’ एवढाच शब्द म्हणा.

आता दीर आणि जाऊबाईंचं.

दिरांचं म्हणणं कुठून येतं ते पाहू. २ करिंथकर ५:२१मध्ये, ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला आपल्यासाठी पाप असं केलं, असं पौल लिहितो. गलतीकर ३:१३मध्ये तो आपल्यासाठी शाप झाला, असं आहे. हे मंडळीचं शिक्षण आहे आणि ते सोडायचं कारण नाही. पण ‘पित्याने तोंड फिरवलं’ हे वाक्य मत्तयात नाही, मार्कात नाही, पौलाच्या पत्रांतही नाही. ते हबक्कूक १:१३वरून जोडतात: तुझे डोळे इतके पवित्र की तुला दुष्टाई पाहवत नाही. त्याच वचनाचा दुसरा अर्धा भाग मात्र कोणी वाचत नाही. तिथे संदेष्टा तक्रार करतो की मग तू दुष्टांकडे पाहत गप्प का राहतोस! म्हणजे देव पाहतो आहे, हीच त्याची अडचण आहे. आणि २ करिंथकर ५:१९ सांगतं की देव ख्रिस्तामध्ये असून जगाचा आपल्याशी समेट करत होता. पिता एकीकडे आणि पुत्र दुसरीकडे अशी फाळणी करून सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात रागीट बाप आणि मार खाणारा मुलगा असं चित्र उभं राहतं. लहान मुलं तर तेच घेऊन घरी जातात. दिरांना मान देऊन सांगा की पौलाची दोन्ही वचनं मनात आहेत, पण मार्कने जे लिहिलं नाही ते मार्कच्या तोंडी घालायचं नाही.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, आणि यहूदी माणसाला पहिली ओळ ऐकली की अख्खं स्तोत्र आठवणार, जसं आपल्याला अभंगाचं धृपद ऐकल्यावर पुढची कडवी आठवतात. पण त्यावरून ‘दुःख खरं नव्हतं’ असं निघत नाही. कोणी पाठांतर म्हणून मोठ्याने आरोळी मारत नाही. इब्री लोकांस पत्र ५:७ म्हणतं की त्याने मोठा आक्रोश करत आणि आसवं गाळत प्रार्थना केली. माणसाला जेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हाच तो लहानपणी पाठ केलेल्या शब्दांना धरतो. स्तोत्र म्हणणं आणि खरोखर तुटून जाणं या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असतात. मृत्यू झालेल्या घरात प्रभूची प्रार्थना चालू असते तेव्हा कोणाचं रडू खोटं नसतं.

आता त्या २२व्या स्तोत्राकडे, कारण तुमचं निम्मं मनन तिथूनच येणार आहे. आधी त्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरातली ओळ वाचा. हे स्तोत्र ‘पहाटेची हरिणी’ नावाच्या चालीवर गायचं, अशी तिथे मुख्य गवयासाठी सूचना आहे. म्हणजे हे मंदिरात गायलं जात होतं. ‘तू मला का सोडलंस’ हे देवाच्या तोंडावर, देवाच्याच घरात, चाल लावून म्हणायला परवानगी होती. काकूंबद्दलचा तुमचा प्रश्न निम्मा इथेच सुटतो.

एकूण ३१ वचनं. १ ते २१ विलाप आणि याचना, २२ ते ३१ स्तुती. पेन्सिल घेऊन हिंदी बायबलमध्ये ३, ६ आणि ९ या वचनांच्या सुरुवातीचा ‘परन्तु’ शोधा आणि त्याखाली रेघ ओढा. पहिल्या दोन वचनांत: मी दिवसा हाक मारतो, रात्री मारतो, उत्तर नाही. मग परन्तु: तू पवित्र आहेस, पूर्वजांनी तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू त्यांना सोडवलंस. मग परन्तु: मी तर किडा आहे, माणूस नाही, लोक डोकी हलवून हसतात. मग पुन्हा परन्तु: तूच मला आईच्या उदरातून बाहेर काढलंस. झोका आहे हा. ‘तू’कडे जातो, ‘मी’कडे येतो, पुन्हा ‘तू’कडे जातो. दुःखातला विश्वास सरळ रेषेत चालत नाही, तो असाच हेलकावे खातो, आणि शास्त्राने ते हेलकावे पुसून टाकले नाहीत. गणिताच्या बाईंना फळ्यावर हा झोका काढून दाखवायचा मोह होईल, तसं काही नको. आवाजाच्या चढउतारातून तो कळू द्या.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. स्तोत्र इतकं भरलेलं आहे की तुम्ही नकळत इतरांच्या शेतात शिराल. १५व्या वचनात जीभ टाळूला चिकटली आहे, ते पाचव्या उद्गाराच्या वक्त्याला, तहानेसाठी सोडा. शेवटच्या ३१व्या वचनात ‘त्याने हे केलं आहे’ असं येतं, ते सहाव्याला लागेल. १८व्या वचनात वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकल्या आहेत, त्याचा उल्लेख एका वाक्यात पुरे. १६व्या वचनातल्या हातपायांबद्दल इब्री हस्तलिखितांत पाठभेद आहे आणि नव्या करारात ते वचन कुठे उद्धृतही केलेलं नाही, तेव्हा त्यावर काही उभारू नका. उलट ९वं आणि १०वं वचन तुमच्या हक्काचं आहे, कारण तुमच्या आधी तिसरा उद्गार झालेला असेल, आईचा. वधस्तंभाजवळ आई उभी आहे आणि त्याच्या ओठांवर आलेल्या स्तोत्रात आईच्या कुशीत असल्यापासूनचा भरवसा आहे. तिसऱ्यातून चौथ्यात यायला याहून चांगली पायवाट मिळणार नाही. उरलेल्या सहा जणांशी एकदा फोनवर बोलून कोण कुठलं वचन घेणार हे ठरवून टाका. हे झालं नाही की २२वं स्तोत्र तीनदा आणि वधस्तंभासमोरचा रोमी शताधिपती चारदा ऐकावा लागतो.

तुम्ही थांबायचं २४व्या वचनावर. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाने दुःखिताच्या दुःखाचा तिटकारा केला नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही, आणि त्याने हाक मारली तेव्हा ती ऐकली. दिरांच्या ‘तोंड फिरवलं’ला त्याच स्तोत्रातून मिळालेलं हे उत्तर आहे, पण वाद म्हणून मांडू नका, नुसतं वाचा. ‘ऐकली’ असं आहे, ‘खाली उतरवलं’ असं नाही. पुढे रविवारकडे धावू नका. ‘पण तिसऱ्या दिवशी…’ हे शब्द जिभेवर येतील, ते गिळा. शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता पुनरुत्थान सांगून टाकलं की मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या शनिवारला काही अर्थ उरत नाही, आणि ज्यांच्या घरात अजून शनिवारच चालू आहे ते एकटे पडतात.

म्हणजे काकू.

तुमच्या मननात त्यांचं नाव, त्यांच्या मुलाचा उल्लेख, ‘आपल्यातही काही जण दुःखात आहेत’ असं आडून म्हणणं, यांतलं काही नको. बोलताना त्यांच्याकडे पाहूही नका. नजर मागच्या भिंतीवरच्या घड्याळाखाली ठेवा. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘काळ हेच औषध’ ही वाक्यं लिहिली असतील तर आत्ताच खोडा. चौथ्या उद्गारासमोर ती उभी राहत नाहीत. आमोस ८:९ आणि १० तुमच्या वाचनात येईल, भर दुपारी सूर्य मावळेल आणि एकुलत्या मुलासाठी करावा तसा शोक होईल, असं तिथे आहे. दुपारच्या अंधाराशी ते अगदी जुळतं आणि वापरावंसं वाटेल. यंदा वापरू नका.

आणि शुक्रवारच्या आधी, पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी किंवा बुधवारी, त्यांच्याकडे जाऊन या. सांगा, “काकू, यंदा चौथा उद्गार माझ्याकडे आहे.” एवढंच. त्या काही बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तर चहा घेऊन या. त्यांना आधी कळलेलं असावं हा हेतू. त्या दिवशी यायचं की नाही, कुठल्या बाकावर बसायचं, मध्येच उठून बाहेर जायचं का, हे त्यांना ठरवता आलं पाहिजे. शब्द कसे उच्चारू, असं तुम्ही विचारलंत. हे शब्द काकूंच्या मनात गेल्या पावसाळ्यापासून आहेत, ताई. ते चर्चमध्ये मोठ्याने म्हणता येतात, आणि आधी येशूनेच म्हटले आहेत, हे त्यांना ऐकू येईल.

आता लिखाण. बारा ते तीन म्हणजे १८० मिनिटं. सुरुवातीची प्रार्थना आणि गीत १० मिनिटं धरा. प्रत्येक उद्गाराला वाचन २, मनन १०, गीत ५, प्रार्थना आणि शांतता ५, असे २२. सात वेळा २२ म्हणजे १५४. शेवटी उरतात १६, त्यांत समाप्तीची प्रार्थना आणि अर्पण. म्हणजे तुमची पाळी एक वाजून सोळा मिनिटांच्या सुमारास येते. हिशेब तुम्हाला सांगायला नको: प्रत्येकाने फक्त तीन मिनिटं जास्त घेतली तर २१ मिनिटं जातात, आणि सातवा उद्गार नेमका घाईत उरकला जातो.

पुलपिटवरून सावकाश बोलताना मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. थांबण्यासाठी एक मिनिट राखून ठेवा, म्हणजे लिहायचे शब्द ९००. फुलस्केप कागदावर एक ओळ सोडून मोठ्या अक्षरात लिहिलं तर पानावर सव्वाशे ते दीडशे शब्द बसतात, म्हणजे सहा-सात पानं. पाठपोट लिहू नका. पहिला खर्डा हजार-बाराशे शब्दांचा होईलच, दुसऱ्या आठवड्यात तो कापा. काय कापायचं? ‘मला ही संधी दिल्याबद्दल पाळकसाहेबांचे आभार’, ‘मी काही वक्ता नाही’, व्हॉट्सॲपवर आलेली राजा आणि त्याच्या मुलाची गोष्ट, आणि सात उद्गारांचा पुन्हा आढावा. ‘यहुद्यांनी मारलं’ असं कुठे आलं असेल तर तेही काढा. ओठांवरची प्रार्थना यहूदी, हाक मारणारा यहूदी, खाली उभी असलेली आईसुद्धा. पहिलं वाक्य थेट अंधारातून सुरू करा.

नऊशेपैकी सव्वाशे शब्द अंधार आणि वेळेला, अडीचशे हाकेला (अरामी भाषा आणि ‘माझ्या’ यांतच आले), साडेतीनशे स्तोत्राच्या झोक्याला, उरलेले २४व्या वचनाला. एलीया संदेष्टा आणि आंबेत (आंबट द्राक्षारसात) भिजवलेला स्पंज यांचा उल्लेख हवा, पण दोन वाक्यांपेक्षा जास्त नको: ‘एलोई’ (मत्तयात ‘एली’) ऐकून लोकांना वाटलं तो एलीयाला बोलावतो आहे. इतकी जवळची हाक, आणि जवळ उभे असलेल्यांनाच ती कळली नाही.

हिंदीची भीती बाळगू नका, पण काही शब्दांना सांभाळा. मराठीतला वधस्तंभ तिथे क्रूस, तारण तिथे उद्धार, मंडळी तिथे कलीसिया, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फसवतात ते सारखे दिसणारे शब्द. ‘येशूने आमची शिक्षा भोगली’ याचं तुम्ही ‘हमारी शिक्षा’ केलंत तर हिंदीत ते शिक्षण होतं; तिथे ‘दंड’ म्हणा. ‘लोकांनी चेष्टा केली’ याचं ‘चेष्टा की’ केलं तर लोकांनी प्रयत्न केला असा अर्थ होतो. तिथे ‘ठट्ठा किया’. ‘स्तोत्र बावीस’ म्हणालात तर अर्धी मंडळी पानं उलटत राहील. ‘भजन संहिता, बाईस’ असं म्हणा. वचनांचे आकडे कागदावर हिंदी अक्षरांतच लिहून ठेवा, तैंतीस, चौंतीस, कारण घाईत आकडा नेहमी मातृभाषेत येतो.

आणि वाक्याचं शेपूट. आपली सवय अशी की वाक्य संपता संपता आवाज खाली जातो. मराठीत ‘नाही’ अगदी शेवटी असतं, हिंदीत क्रियापद. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये, पंखे चालू असताना, तो शेवटचा शब्द चौथ्या बाकापलीकडे पोचत नाही. ‘तोंड लपवलं नाही’मधलं ‘नाही’ हरवलं तर काय ऐकू जाईल, विचार करा. घरी सराव करताना कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द त्याला लिहायला सांगा. दोन-तीन वेळा केलं की आवाज आपोआप शेवटपर्यंत टिकतो. आदल्या शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये माईकसमोर एकदा उभं राहून या. माईक तोंडापासून वीतभर, हनुवटीच्या किंचित खाली.

त्या दिवशी तीनपर्यंत उपास असेल तर बोलण्याआधी दोन घोट पाणी घ्या, त्याने काही बिघडत नाही. एप्रिलची इंदूरची दुपार आणि रिकामं पोट यांनी जीभ कोरडी पडते, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चुकवू नका. कागद मोकळे नेऊ नका, पंख्याने उडतात. पानांवर आकडे घालून वर क्लिप लावलेल्या पुठ्ठ्याला अडकवा. हाकेचं वचन वाचणारा दुसरा कोणी असेल तर त्याने हिंदीतून वाचावं: ‘हे मेरे परमेश्वर, हे मेरे परमेश्वर, तू ने मुझे क्यों छोड़ दिया?’ त्यानंतर गीत विलापाच्या चालीचं असू द्या, ढोलक नको, आणि तीनच कडवी.

तुम्ही मात्र २४वं वचन वाचून झालं की कागद बाजूला ठेवा आणि घरच्या बायबलमधली ओळ एकदा मराठीत म्हणा: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ अर्थ सांगू नका. मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजा, आणि माईक चालूच ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसा.